ऑकची आवृत्ती
धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी उमरखेडला घरी पोळ्या लाटत होते. "ताई, तुह्या त्या प्रोग्रामनं माह्या सगळ्या शब्दांचं वाटोळं केलं," ती म्हणाली.

ती झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वाडीवर, शिक्षिका. पोरं घरी कोलामी बोलतात, म्हणून तिने त्यांचे शब्द मराठी अर्थांसकट शाळेच्या संगणकात उतरवले होते. तिची बदली झाली होती. शनिवारी निघायचं होतं आणि तिच्या जागी येणाऱ्या बाईंना कोलामीचं ओ की ठो येत नव्हतं. पोटात दुखतंय, पाणी हवंय, लघवीला जाऊ का, एवढं तरी नव्या बाईंना कळलं पाहिजे, नाहीतर पोरं शाळेत यायची बंद होतील, हा तिचा घोर. म्हणून जाण्याआधी त्या शब्दांचं पुस्तक छापून ठेवायचं होतं.

माझं पोटच अशा कामावर. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून मजकूर चाळते, आणि त्यासाठी ऑक नावाचं एक छोटं साधन रोज वापरते. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा. बहिणीसाठी मी असा हुकूम लिहून दिला, की शब्दाचं पहिलं अक्षर बघ, ते बदललं की वर मथळा टाक. माझ्याकडे अ, आ, क, ख सगळं झकास उमटलं. तिच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर सगळे शब्द एकाच मथळ्याखाली, आणि तो मथळा म्हणजे चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

"तिथल्या ऑकची आवृत्ती कोणती?" मी विचारलं.

"मले काय माहीत?"

"त्यालाच विचार. ऑक लिही, पुढे व्हर्जन लिही."

बऱ्याच वेळाने फोन आला. "काहीच नाही सांगून राह्यलं. मी पोरायले खिचडी वाढून आली, तरी नुसतं लुकलुकून राह्यलं."

दोन डॅश सांगायचे मी विसरले होते. ऑकला वाटलं आता मजकूर येणार, ते वाट बघत बसलं. बिचाऱ्याने तसं तोंडाने सांगायला काय हरकत होती? दोन डॅश दिले, तर म्हणे असला पर्यायच नाही.

या साधनांचा मला मनापासून संताप येतो. एकाला दोन डॅश लावून आवृत्ती विचारायची, दुसऱ्याला एक डॅश आणि मोठा व्ही, तिसरं नाव विचारलं की वापरायची रीत सुनावतं आणि गप्प बसतं. वर ऑक म्हणून माझ्याकडे एक, तिच्याकडे त्याच नावाने भलतंच कुणी बसलेलं. एसटीत शेजारी बसलेल्याला कुठले तुम्ही म्हटलं तर तो गावासकट सासुरवाडी सांगतो!

"दोन डॅश नीट देता येत नाहीत का तुला?" मी ओरडले.

"मले कायले बोलून राह्यली? मी वर्ग पाहू का तुहं हे लफडं पाहू?"

शेवटी एक डॅश, मोठा डब्ल्यू, मग व्हर्जन, असं करून एक ओळ उमटली. ती तिने वाचून दाखवली. साल मागच्या शतकातलं. तेवढ्यात रेंज गेली.

त्या संध्याकाळी मी जेवणसुद्धा धड केलं नाही. कळलं ते असं, की त्या म्हाताऱ्या ऑकला अक्षर दिसतच नाही, अक्षराचे तुकडे दिसतात. आपल्या प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे, आणि पहिला तुकडा सगळ्यांचा सारखाच. हुकुमात पहिला एकच बघ असं होतं, तिथे एकाच्या जागी तीन लिहिलं की काम फत्ते. एका आकड्यासाठी एवढा तमाशा! भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुशारकीने फोन केला. "एकाच्या जागी तीन टाक, बस."

"राहू दे, ताई. झालंच आता." मागे नुसता गलका होता.

"कोण ओरडतंय?"

"पहिलीचे. मी शब्द वाचून राह्यली, अक्षर बदललं का ते सांगून राह्यले. तिथं मी मथळा टाकते. थांब, आयक."

तिने एक कोलामी शब्द वाचला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला सगळी पोरं एकदम ओरडली, "म! म! बाई, म आला!"

"जूनमध्ये हे माह्याकडं पाहत बी नोते," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला वाचता येईना.

बदलीसाठी मीच तिच्या मागे लागले होते. उमरखेडजवळची शाळा मिळाली म्हटल्यावर गल्लीत पेढे वाटले होते. शनिवारी गाडी करून तिला आणायला जायचं, हेही मीच ठरवलं होतं. फोनवर पोरं पुढच्या शब्दासाठी ओरडत होती आणि मला माझ्याच आनंदाची लाज वाटायला लागली.

"ताई," ती म्हणाली, "शनिवारी मले घ्याले नको येऊ. पोरायसमोर गाडीत बसणं नाही होणार माह्याच्यानं."