नथूआप्पांना दिलेला मिस कॉल

तीनदा टाइप करून खोडलं. आता नाही खोडत. हे आईला माहीत नाही, रूममेटला नाही, कुणालाच नाही – तुला पहिल्यांदा सांगतेय. मध्ये थांबले तर परत हिंमत होणार नाही, म्हणून भराभर लिहितेय, चुका सांभाळून घे.

आमच्या शहाद्याकडे एक छोटी धावपट्टी आहे, पायलट ट्रेनिंगची. नाव नको. मी तिथे टॉवरवर. टॉवर म्हणजे काय रे – लोखंडी जिना, वर काचेची खोली, आत मी आणि एक रेडिओ! विमानाला उतर सांगायचं, थांब सांगायचं. लोणखेड्याच्या कॉलेजातून निघून थेट विमानं! घरी पेढे वाटले होते.

दोघांचं काम होतं ते. दिवाळीत दुसरा सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. मग रेडिओ मी, ऑफिसचा फोन मी, वारा बघून लिहायचा मी, कोण उडालं कोण उतरलं तेही मीच. डबा एका हाताने खायचे, दुसऱ्या हातात माइक. सांगितलं नाही का वर? सांगितलं ना. बघू म्हणाले. किती वेळा सांगणार?

आणि खाली नथूआप्पा. कळसाडीचे. आधी कुठेतरी वॉचमन होते, आता धावपट्टीवरची कुत्री, गुरं हाकलायला ठेवलेले. जिन्याखाली उभे राहून ओरडायचे, "ताई, तू इमानं हाकस, मी कुत्रा हाकस! आपला धंदा एकच शे!" मी वरून हसायचे.

त्यांच्या वॉकीटॉकीची बॅटरी गेली होती. नवी मागितली, आली नाही. मग आम्हीच ठरवलं – एक मिस कॉल म्हणजे धावपट्टीवर जा, दोन म्हणजे बाहेर या. कुठे लिहिलेलं नाही. आमचं आमचं. चाललं होतं की छान! महिने चाललं.

त्या दिवशी – एप्रिल होता, दुपार, धावपट्टी उन्हात पाण्यासारखी हलत होती – पलीकडच्या टोकाला एक कुत्रं दिसलं. मी मिस कॉल दिला. एक. आप्पा गेले.

मग ऑफिसचा फोन वाजला. मग वर तीन विमानं, एक जण विचारतोय वारा किती, दुसऱ्याचं मला ऐकूच येत नाही. आणि तिसरं विमान एका मुलीचं, एकटीने उडवायची तिची दुसरीच वेळ. ती म्हणाली, उतरू का? आणि मी – मी म्हटलं, धावपट्टी मोकळी आहे.

बघितलं का मी? नाही. आप्पांना पाठवलंय हे डोक्यातून गेलंच होतं.

तिला शेवटच्या क्षणी दिसले ते. विमान खेचलं तिने वर. आप्पा आडवे पडले. चाक त्यांच्या वरून गेलं, लागलं नाही, पण पडण्यात गळ्याजवळचं हाड मोडलं. मुलगी फिरून नीट उतरली. मी जिना उतरून धावत गेले.

इथपर्यंत चूक आहे ना? चूक होते माणसाकडून. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

आप्पा गवतात बसलेले, खांदा धरून. मी म्हटलं, फोन द्या आप्पा, घरी कळवते. त्यांनी लगेच दिला. कळवलं मी, खरंच कळवलं. पण आधी – सगळे यायच्या आधी – माझा मिस कॉल पुसला. त्यांच्या फोनमधून, मग माझ्या. घाबरून नाही, हे तुला सांगते. एकदम सफाईने केलं.

चौकशीत मोठ्या सरांनी विचारलं, तुम्हाला आत कुणी पाठवलं? आप्पा म्हणाले, ताईचा मिस कॉल आला. सरांनी फोन बघितला. काहीच नाही. मग माझ्याकडे बघितलं.

"नाही सर, मी कॉल दिला नव्हता."

मला वाटलं आप्पा ओरडतील. शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या! ते माझ्याकडे बघत राहिले – रागाने नाही रे – आणि मग डोकं खाजवत सरांना म्हणाले, "ताई खोटं नही बोलाव. मालेच भास व्हयना व्हई."

कान गेले म्हाताऱ्याचे, असं ठरलं. काढलं त्यांना. माझी नोकरी आहे तशी आहे. टॉवरवर अजून मी एकटीच. कुत्री हाकलायला दुसरा माणूस आलाय, वॉकीटॉकी नवी आलीय.

गेल्या महिन्यात लोणखेड्याच्या स्टॉपवर आप्पा भेटले. हात अजून पूर्ण वर जात नाही. तरी माझंच विचारत होते – जेवस का टायमावर, सुकी गयी तू. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. जोरात. चार माणसं वळून बघताहेत एवढा. आप्पांनी तो काढला, उचलला नाही. माझ्यापुढे धरला.

"ताई, दख बरं. खरंच वाजी ऱ्हायना ना हाऊ?"

हो आप्पा, वाजतोय, म्हटलं मी.

त्या दिवशीही वाजला होता, हे नाही म्हटलं.