मिस्त्रींची चिखलातली चाचणी

शिरूर अनंतपाळचे चन्नबसप्पा मिस्त्री चिखलात चालवून बघितल्याशिवाय गाडी मालकाला देत नसत. अमरेशच्या पिकअपच्या पुढच्या दोन्ही चाकांना त्यांनी हातानं फिरवायची लॉक बसवली; दोन्ही फिरवली तरच पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो. मग बायकोला, शिवगंगाबाईंना, शेजारी बसवून गाडी काळ्या रानात घातली. गाडी रुतली.

“काका, वय झालं, आता गॅरेज बंद करा,” बांधावरून अमरेश हसला.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. शिवगंगाबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला अन् चिखलात उतरून चाक बघितलं.

“अवो, माझ्या बाजूचं लॉक फिरवलंच न्हाई तुम्ही!”

त्यांनीच ते फिरवलं. गाडी घुरघुरत बांधावर आली.

“काम पक्कं हाय,” मिस्त्री अमरेशला म्हणाले, “पण लग्न झाल्याबिगर ही गाडी चिखलात घालू नको.”