ताईंनी न वगळलेला तुकडा

खरं तर ताईंवर लिहायचा मला अधिकार नाही. उंब्रजच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहायला बसलं की शब्द अडतात. तरी लिहितो. चुकलं तर पोटात घाला.

ताई आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करायच्या. आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. अतिवेगवान विमानाचं अंग हवेच्या घर्षणाने तापतं. तिथे टिकेल असा हलका धातू त्या घडवायच्या, ॲल्युमिनियमच्या रसात सिरॅमिकची पूड मिसळून. धातू ताणून तपासायच्या यंत्राच्या जबड्यात तुकडा अडकवला की त्याला दटावायच्या, "काय ते आत्ताच बोल बाबा. वर गेल्यावर न्हाई."

तुकडा ताणून मोडला की आम्ही हळहळायचो. ताई मात्र मोडलेली कड भिंगाखाली धरून, मुलगी बघायला आलेल्या बाईसारख्या निरखत बसायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

बंगळूरच्या एका विमान संस्थेकडे नमुने पाठवायची वेळ आली. सगळे तुकडे उत्तम, एकच फार लवकर तुटला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, असा एखादा निघतोच, तेवढा वगळा. ही संधी गेली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. ताईंनी तो तुटका तुकडा सरांपुढे ठेवला. मग म्हणाल्या, "सर, विमानात नेमका तसलाच बसला तर?"

नमुने गेले नाहीत. संधी गेली. पण त्या दिवशी या प्रयोगशाळेत असल्याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला.

त्या तुकड्याच्या मोडलेल्या कडेत पुडीच्या गुठळ्या दिसल्या होत्या. मग ताई पूड आधी कडकडीत तापवून चिमटीचिमटीने रसात सोडू लागल्या. भट्टीवरचे काका चिडवायचे, "ताई, आज शिरा का उपमा?"

"शिराच. पर तुमाला चावायचा न्हाई, काका."

गुठळ्या गेल्या. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ताई नवे तुकडे घेऊन बंगळूरला गेल्या आणि चाचण्यांसाठी तिथेच राहिल्या. बरेच महिने काही कळलं नाही. इथे यंत्रापाशी आता मी उभा असतो.

परवा त्यांच्या वडिलांचा फोन आला. ते एकदा प्रयोगशाळा पाहायला आले होते, तेव्हा माझा नंबर घेऊन गेले होते. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"तुज्या सरास्नी आधी सांग रं," ते म्हणाले. "तापवून तापवून ताणलं म्हनं, पर एक बी तुकडा कमी पडला न्हाई. पोरीचा धातू विमानात बसवणार हायती."