सारोळ्याचा उतार, पायी

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीचे पेपर तपासत होते. "ताई, माजीदभाई वारले," ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पुढचे दोन पेपर तपासलेसुद्धा. मग हात थांबला... शहागंजातल्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, गिऱ्हाइकाला बिजागऱ्या काढून देता देता भाई खाली बसले ते उठलेच नाहीत. त्याला आता दोन महिने होत आले. तरी रविवार उजाडला की मी अजून पाचलाच जागी होते आणि हातमोजे शोधायला लागते.

रविवारी आम्ही तिघं जाड टायरांच्या सायकली घेऊन सारोळ्याच्या डोंगरात जायचो. भाई आणि दत्ताभाऊ आधीपासूनच जात होते. दत्ताभाऊ बिडकीनचे, घरी शेती आणि नोकरी कंपनीत. मी मुकुंदवाडीच्या शाळेतली मराठीची बाई, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्यात घुसले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि मला चालायचा मनस्वी कंटाळा, म्हणून सायकल.

हिवाळ्यातलं ते रान मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. धुक्यात पायवाट दहा पावलांवर संपायची आणि आपण पुढं गेलो की तीही तेवढीच पुढं सरकायची. सागाची मोठाली वाळकी पानं टायरखाली चुरडायची, धावड्याची पानं लाल झालेली असायची आणि पुढं भाईंच्या सायकलचा लाल दिवा कधी दिसायचा, कधी नाही. कुणी बोलायचं नाही. बोटं बधिर, नाक गार, आणि तरी वाटायचं की ही वाट अशीच चालू राहावी, घरबीर काही येऊ नये. मधेच एखादा मोर ओरडायचा आणि आपण कुठं आहोत ते कळायचं.

त्या वाटेवर शेवटी एक खडा, दगडगोट्यांचा उतार लागतो. दत्ताभाऊ तो एका दमात उतरून खाली थर्मास उघडून बसायचे. पहिल्या दिवशी मी वरच थिजले. ब्रेकवरची बोटं सुटेनात. मागून भाई आले, खाली वाकून बघितलं आणि सायकलवरून उतरले. "बाई, मेरेकू बी डर लगता. चला, पैदल जाऊ." मला इतकं हायसं वाटलं! त्या दिवसापासून आम्ही दोघं तो उतार पायी उतरायला लागलो, सायकली हातात धरून, दर रविवारी.

त्या दहा-बारा मिनिटांत आम्ही काय काय बोललो! त्यांच्या मुलीला शिकायला पुण्याला पाठवावं की नाही, हे तिथंच ठरलं. माझे वडील गेले त्या हिवाळ्यात मी तिथंच पहिल्यांदा रडले आणि भाई माझीही सायकल धरून उभे राहिले. वरच्या सपाटीवर हे कधी जमलं नाही. उतार लागला की तोंड उघडायचं.

आणि मी? मी त्यांना चिडवायचे. एकदा दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "तुमच्या शेठना इथं बघा, केवढा आवाज! डोंगरात उतार दिसला की मांजर होतात." सगळे हसले. भाई सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तिसऱ्या वर्षी भाई एका लग्नाला गेले होते, त्या रविवारी मी धीर करून तो उतार सायकलवर बसूनच उतरले. सहज जमलं. खाली पोचल्यावर मी दत्ताभाऊंना शपथ घातली, "भाईंना सांगायचं नाही. त्यांना एकट्याला पायी उतरावं लागेल, बिचाऱ्यांना वाईट वाटेल." दत्ताभाऊंना चहाचा असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. पुढची दोन वर्षं मी भाईंसाठी पायी उतरत राहिले आणि मनातल्या मनात स्वतःच्या मोठेपणावर खूश होत राहिले.

चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भाभी माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचंच बोलायचे दर इतवारी. बोलायचे, बाईंना भ्या वाटतं ना, म्हणून मी पण पैदल उतरतो. नाय तर ते तर जवानीपासून सायकलवाले..."

मी दत्ताभाऊंकडे बघितलं. ते चपलांच्या ढिगाकडे बघत होते.

बाहेर गल्लीत मी त्यांना धरलंच. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तुम्ही यायच्या आधी माझ्या फुडं तेच उतरायचे. लई जोरात."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी बी शपथ घातली व्हती, ताई. तुम्ही बी घातली. मी काय करू मग?"

मला त्यांचा राग आला, भाईंचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला. गिऱ्हाइकांसमोर मी ज्या माणसाला मांजर म्हटलं तो गंमत म्हणून हसला नव्हता, माझी लाज राखायला हसला होता. आणि मी दोन वर्षं तोंड मिटून बसले. एकदा म्हणाले असते, भाई, मला येतं आता, तर त्यांनीही सांगितलं असतं, आणि आम्ही दोघं मिळून केवढे हसलो असतो. हे आता कुणाला सांगू?

परवा रविवारी आम्ही दोघंच गेलो. उताराच्या तोंडाशी दत्ताभाऊ थांबले. "आता कुणासाठी चालायचं, ताई? या की सायकलवर."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. "मला बोलायचंय."

ते खाली गेले, पानांचा आवाज थांबला, मग मी सायकल हातात धरून पायी उतरायला लागले आणि भाईंना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. उजवीकडची पट्टी जरा सपाट आहे, ती भाईंसाठी सोडली. मी आपली डावीकडच्या दगडांतूनच सायकल सावरत खाली आले.