फुईने उघडा ठेवलेला कोपरा

“पेली वढवावाळी बेन आजे नथी. चाल, निरांते जोईए.”

ती रागावणारी बाई आज नाही, चल, निवांत बघू... दुकानात शिरता शिरता एक बाई आपल्या मैत्रिणीला सांगत होती. मी दोरीवर टांगलेल्या गोधड्यांच्या मागे घड्या घालत उभी होते, त्यांना दिसत नव्हते. त्या खरंच निवांत फिरल्या. तोरणं हाताळली, बांबूच्या टोपल्या उलट्या करून पाहिल्या आणि काही न घेता निघाल्या. जाताना मी दिसल्यावर एकीने विचारलंच, “माशी क्यां गया?” मावशी कुठे गेल्या? मी म्हणाले, “बहारगाम.” हेच उत्तर मी गेले काही आठवडे सगळ्यांना देत होते. बाहेरगावी गेल्यात. ते खोटं होतं, पण ‘बाहेरगाव’ म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. मला पुढच्या प्रश्नांची फार भीती वाटते.

ती रागावणारी बाई म्हणजे माझी आत्या. आमच्याकडे खानदेशात आत्याला फुई म्हणतात, गुजरातीत फोई. त्यामुळे सुरतेत ती जवळजवळ सगळ्यांचीच होऊन गेली होती. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत तिने आयुष्यभर शिकवलं. निवृत्त झाली तरी डिंडोलीपासून लिंबायतपर्यंत कोणत्याही गल्लीत एखादी बाई गॅलरीतून ओरडायची, “बाई, चहा घेऊन जा!” फुई खालूनच विचारायची, “पोरीची शाळा का बुडवली काल?” चहा मिळायचा, आणि सोबत असल्यामुळे मलाही रस्त्यात उभं राहावं लागायचं, मान खाली घालून.

त्या वेळी मी रिंग रोडच्या साडी मार्केटात एका ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर प्रिंटची डिझाइनं काढत होते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे, हे त्या नोकरीचं एकमेव सुख. फुईच्या जुन्या विद्यार्थिनी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, लेस लावायच्या. त्यांच्यातल्या काहीजणींच्या हातच्या गोधड्या मी एकदा पाहिल्या. साडीच्या कापून उरलेल्या तुकड्यांच्या होत्या, पण रंग असे जुळवलेले की मी तिथेच फोटो काढत बसले. फुई म्हणाली, “फोटो काय काढतेस, दुकान काढू.” तिने ते सहज म्हटलं होतं, मी ते खरं मानलं. आमच्या सगळ्या भांडणांचं मूळ बहुधा इथेच आहे. मी एक बुटीक उघडत होते. ती पुन्हा शाळा उघडत होती.

भांडणं म्हणते, पण ती एकतर्फी होती. ती बोलायची आणि मी गप्प व्हायचे. मला जागा वेसूत हवी होती, जिथे घेणारे लोक राहतात. तिने डिंडोलीत घेतली, मोबाईल दुरुस्ती आणि खमणवाल्याच्या मध्ये, कारण “बायकांना माल घेऊन रिक्षात बसायला लावू का?” मी इंग्रजी नाव शोधलं होतं, त्याचं सुंदर बारीक अक्षरांतलं बोधचिन्ह केलं होतं. एक दिवस आले तर वर पिवळ्या पाटीवर लाल रंगात मराठी आणि गुजरातीतून ‘हातकाम’ असं लिहून तयार, आणि खाली रंगारी चहा पीत बसलेला. मी उंच काउंटर सांगितला होता. तिने चटई टाकली. मी काही बोलले नाही, घरी जाऊन तिला लांबलचक मेसेज लिहिला. दुसऱ्या दिवशी तिने तो मेसेज माझ्यासमोर धरला. “हे काय आहे? शेजारी बसून पत्र लिहितेस? तुले तोंड शे ना? मग बोल ना!” ती चिडली की तिची अहिराणी वर यायची. मी गल्ला पुसायला घेतला.

पण पाटी, चटई, जागा हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाला नाही तो उघडा कोपरा.

फुईच्या आजोळी, अमळनेरकडच्या एका खेड्यात, गोधडी शिवणारी बाई ती पूर्ण करत नसे. एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा, सुई-दोरा तिथेच टोचून ठेवायचा. ज्याने ती पांघरायची त्याने स्वतःच्या हाताने तेवढे टाके घालून ती बंद करायची. मग ती त्याची होते. तिथे हे ठीकच होतं. तिथे शिवणारी आणि पांघरणारा एकाच घरात असायचे. फुईने तो नियम दुकानाला लावला. घेणारी कुणीही असो, तिला चटईवर बसवायची, हातात सुई द्यायची. “बेसो बेन, पाच मिनिट.” वेसूच्या लांब नखांच्या बायका हसायच्या, मग कंटाळायच्या, मग घड्याळ बघायच्या. एक जिम चालवणारा तरुण सुई पकडायलाच तयार नव्हता. त्याला तिने “आईला फोन लाव” म्हणून सांगितलं, आणि त्याने लावला! एक वयस्क गृहस्थ मात्र दुपारभर बसले, टाके घालता घालता आपल्या बायकोबद्दल सांगत राहिले, जाताना रडले. फुई मला विजयी चेहऱ्याने म्हणाली, “बघितलंस?” मी बघितलं होतं. तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाइकं दारातून परत गेलेलीही मी बघितली होती.

ऑनलाइन मागण्या मी सांभाळायचे. बंगळूरला पाठवलेल्या पार्सलातही ती सुई टोचून पाठवायची. तिकडून उत्तर आलं की माल फाटका आहे आणि त्यात सुई सापडली, घरात लहान मूल आहे. मी इंग्रजीतून माफीवर माफी लिहीत बसले. शेवटी धीर करून तिला सांगितलं की कोपरा आपण इथेच बंद करू, सोबत एक छान कार्ड ठेवू, त्यावर ही पद्धत लिहू, लोकांना आवडेल. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “कार्ड पांघरून झोपतात का लोक?” शेजारचा खमणवाला पुड्या बांधता बांधता हसला. त्याला मराठी येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणि ही बाई स्वतःच्या बाबतीत काय करायची? छातीत जळजळ होते म्हणायची, तपासायला चल म्हटलं की “शनिवारी गर्दी असते.” शनिवार गेला की “सोमवारी बायका माल आणतात.” तिच्या आठवड्यात डॉक्टरसाठी वार नव्हता. एका सकाळी तिने आंघोळीचं पाणी तापत ठेवलं, खुर्चीत बसली आणि बसलीच. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते आणि ती अजून कशी आली नाही म्हणून मनातल्या मनात तिच्यावर चिडले होते. गंमत म्हणजे फोन ठेवल्यावरही तो राग गेला नाही. अजून गेलेला नाही. लोक मला विचारतात, आठवण येते का... मी मान हलवते. राग येतो म्हणून कसं सांगणार?

तेरावं झाल्यावर बाबा म्हणाले, “तुझ्याच्याने होणार नाही ते. बोलल्याशिवाय दुकान चालत नाही.” ते वाईट अर्थाने म्हणाले नव्हते. मला ओळखतात म्हणून म्हणाले. मी दिवाळीपर्यंत बघते असं त्यांना मेसेजवर कळवलं. मग माझ्या हातात असलेली एक गोष्ट मी लगेच केली. शिवणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, यापुढे कोपरे बंद करून द्यावेत. सगळ्यांनी होकाराचे अंगठे पाठवले. पुढच्या सोमवारी कल्पनाताई लिंबायतहून गठ्ठा घेऊन आली. ती फुईची अगदी पहिल्या वर्गातली विद्यार्थिनी, आता तिला नातू आहे. मी गठ्ठा उघडला. प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उघडा, प्रत्येकात सुई. मी एक सुई काढून तिच्यासमोर धरली. ती पदराने घाम पुसत म्हणाली, “मोबाईलवर आलेलं मी वाचलं. पण बाईंनी मला तोंडाने सांगितलं होतं. तू पण तोंडाने सांग, मी बंद करून देते. सांग ना.” मी पाण्याची बाटली पुढे केली. ती पाणी प्यायली, थोडा वेळ थांबली, आणि गेली.

हे गेल्या आठवड्यातलं. परवा दुपारी सुरतेच्याच पाल भागातून एक मराठी बाई आल्या, पूर्वी एकदा येऊन गेलेल्या. मुलीचं लग्न होतं. मुलीला, जावयाला आणि व्याह्यांकडच्या सगळ्यांना गोधड्या द्यायच्या होत्या, म्हणजे दोरीवरच्या जवळपास सगळ्याच. त्यांनी भराभर निवडल्या. दिवाळीपर्यंतची माझी काळजी एका दुपारी मिटत होती. मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

“अगं, हे मात्र तूच शिवून टाक. संध्याकाळी ड्रायव्हर येईल न्यायला. मागच्या वेळी त्या मावशींनी मला किती पिडलं होतं! कुठेयत त्या? दिसत नाहीत.”

मी ‘बाहेरगावी’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, “त्या गेल्या. वारल्या.”

“अरे देवा...” त्या खरोखर हळहळल्या. स्टुलावर बसल्या, कसं झालं, केव्हा झालं सगळं विचारलं, आणि मी सगळ्याची उत्तरं दिली. मग उठता उठता त्या अगदी मायेने म्हणाल्या, “मग आता तर प्रश्नच नाही ना. आता कोण विचारायला बसलंय? घाल बेटा टाके, पाच मिनिटांचं काम.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी स्वतः हेच तर म्हणत आले होते. सुई माझ्या हातात होती, दोरा ओवलेला होता. मी म्हणाले, “नाही. ज्यांनी पांघरायच्या आहेत त्यांना घेऊन या.”

“व्याह्यांना? डिंडोलीला? चटईवर?”

“हो.”

“अगं, कारण तरी सांगशील? त्या निदान बोलायच्या, भांडायच्या, माणसाला काहीतरी पटवायच्या. तू नुसतं नाही म्हणतेस!”

मी सुई पुन्हा कोपऱ्यात टोचली. त्यांनी पर्स उचलली, निवडलेला ढीग चटईवर तसाच सोडला आणि निघून गेल्या. बाहेर गाडीचं दार जोरात लागलं. मी ढिगाजवळ खाली बसले. दुकानात पंख्याचा आवाज होता, बाकी कुणी नव्हतं. पहिल्यांदाच मी मोबाईल हातात घेतला नाही. चांगलं मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“गेलं गिऱ्हाईक, फुई! झालं समाधान?”