माझ्याच हाताला जड होणारं विमान

त्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं, भागूनं, फळीवरचं विमान काढलं, तळहातावर घेऊन दारात उजेडाला आणलं आणि मी त्याच्यावरची धूळ फुंकली. बाजारच्या दिवशी आमचं हे काम ठरलेलं. फडकं लावलं तर कागद फाटतो, म्हणून फुंकायचं. तिनं धरायचं, मी फुंकायचं.

"अवं, चूळ तरी भरायची," ती म्हणाली. "समदं इमान तंबाखूनं घाण मारतंय."

"आणि तुझा हात कशानं हालतोय? म्हातारी झालीस."

"म्हातारी म्हना, पर नीट फुका. शेपटीला धूळ तशीच हाय."

मी शेपटी फुंकली. तिनं विमान परत फळीवर ठेवलं, "जरा पडते" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मी बाजाराची पिशवी मागितली तर ओ देईना. दोनदा मागितली. मग जवळ गेलो... संपलं होतं.

मंडळी, तुमच्या मासिकात लोकांचे असले-तसले अनुभव छापून येतात. ते मी रसूलच्या सायकलच्या दुकानात बसून वाचतो आणि हसतो. खरं सांगतो, हसतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला मेलेला चुलता हाक मारतो. माणूस मेलं की मेलं, असं मानणारा मी. अंगात येतं त्या बायांना मी तोंडावर ढोंगी म्हणालेलो आहे, आणि त्यावरून भावकीत भांडणं पण झालीत. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली. मी मराठी दुसरी शिकलोय. पेन्सिलीनं लिहिलंय, संपादकांनी अक्षर लावून घ्यावं. आणि ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मी पण हसलो असतो.

आमचं घर कासारवाडीच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळापासून हाकेवर. मी देहूरोडच्या लष्करी कॅम्पात खोकी ठोकायच्या कामाला होतो. गोरे जायला निघाले तेव्हा साहेब लोकांनी काय काय वाटून टाकलं — कुणाला खुर्ची, कुणाला आरसा. मला एका साहेबानं पुठ्ठ्याचा डबा दिला. वर विमानाचं चित्र, रंग उडालेला. आत लाकडाच्या काड्या, कांद्याच्या सालीसारखा कागद आणि घडी घातलेला मोठा नकाशा. साहेबाच्या थोरल्या भावानं त्याला तो लहानपणी दिला होता म्हणे. त्यानं जोडला कधीच नाही, पण जाईल तिथं बरोबर नेला.

मी तो डबा फेकणार होतो. भागू म्हणाली, "एवढं मुलूख हिंडून आलंय, जोडून तरी बघू."

आम्हाला मूलबाळ नाही. दोघंच. नकाशावरचं इंग्रजी आम्हाला कुठलं येतंय? काडी उचलायची, नकाशावर ठेवून बघायची, रेघेला लागली की ती तिथली. साहेबाच्या डब्यातला गोंद दगड झाला होता, तर भागूनं बाभळीचा डिंक भिजवला. मी काडी कापायची, डिंक लावायचा, आणि तो धरेपर्यंत सांधा चिमटीत पकडून बसायचं ते तिनं. माझ्या हाताला चिमटी जमत नव्हती, मी हातोडीचा माणूस. ती तासन् तास बसायची. भात करपला तरी उठायची नाही. वस्तीवरचे म्हणायचे, "किसन म्हातारपणी भावली-भावली खेळतोय." म्हणेनात का.

झालं तेव्हा तिनं त्याला हळद-कुंकू लावलं. नवा नांगर आला, नवी सायकल आली की लावतातच, तसं. नाकावर कुंकवाचा ठिपका अजून आहे. आणि मग ते फळीवर गेलं. काढायचं तिनं, ठेवायचं तिनं. मी कधी उचललंच नव्हतं. हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

भागूचा दहावा पवनेच्या काठी झाला. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. लोक म्हणाले, नशीबवान बाई, काही अडकलं नाही तिचं. मला खरं तर राग आला. जरा थांबली असती तरी चाललं असतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी विमान काढायला गेलो.

उचलेना.

मला वाटलं कशाला तरी चिकटलंय. फळीखालून हात फिरवला, काही नाही. पंखाखाली बोटं घातली आणि ओढलं. भिंत ओढावी तसं. आता हे नीट ऐका — ज्या कागदाला फडकं सोसत नाही, तो कागद मी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ओढला, तर त्याला सुरकुती पण पडली नाही. मी बाहेर गेलो. भरलेली घागर उचलली. पाटा उचलला, वरवंटा उचलला. सगळं उचलतंय. परत आत आलो. उचलेना.

रसूलला बोलावून आणलं. सायकलचा मिस्त्री, माझ्याच वयाचा, आणि थट्टेखोर. त्यानं दोन बोटांनी विमान उचललं आणि पिसासारखं माझ्या नाकासमोर धरलं.

"काय किसनभाऊ, भाभी गेली तर आता असलं काम पण रसूलनंच करायचं का? उद्या म्हणशील, जेवायला भरव."

"माझ्या हातावर ठेव."

"घे ना बाबा, तुझंच हाय."

त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं. माझा हात खाली गेला. असा गेला की मी गुडघ्यावर आलो, आणि हाताची पाठ जमिनीला टेकली, वर विमान. दुखलं नाही. रुतलं नाही. फक्त हात निघेना. रसूल आधी हसला. "नाटकी हाय साला," म्हणाला. मग त्यानं माझा हात उपसायला बघितला, आणि त्याचं हसू गेलं. त्यानं पटकन विमान उचललं, फळीवर ठेवलं आणि कानाला हात लावला.

"किसनभाऊ, मी काही बगितलं न्हाई."

"बघितलंस की."

"बगितलं. पर न्हाई बगितलं."

लोक विचारतात, किती जड? पोत्याएवढं का, दगडाएवढं? मला सांगता येत नाही. मी खोकी उचलण्यात जन्म घालवला, हातानं मण ओळखणारा माणूस. हे वजन त्या हिशोबातलं नाही.

आता एवढ्यावर राहिलं असतं तर मी कुणाला सांगितलं नसतं. राहू दे फळीवर, मी खालून बघेन. पण आमची वस्ती नव्या कारखान्यात गेली. सरकारनं जागा घेतली, दिवाळीच्या आत घरं मोकळी करायची. मी जाणार रहाटणीला, माझी बहीण ठकू तिथं एकटी असते. भांडी जातील, अंथरूण जाईल, फळी पण उखडून नेता येईल. आणि मला ज्याची पडली होती तेच तेवढं मला नेता येत नव्हतं.

ठकू आवराआवर करायला आली. तिला सांगितलं तर ती दारातच उभी राहिली.

"वैनीचा जीव हाय त्यात, दादा. पवनेत सोडून दे."

"कावळा पहिल्या झटक्यात शिवला. तू होतीस की तिथं."

"मग आनि काय असंल? तुजं तुला ठावं. मी त्याला हात लावायची न्हाई. माज्या घरात आनू बी नगंस."

"आणणार."

"कसं आननार? उचलतंय का तुला?"

मी भांडी पोत्यात भरायला लागलो.

जमिनीची मापं घ्यायला कारखान्याचे एक तरुण इंजिनिअर यायचे. पुण्याचे. एकदा पाणी मागायला आत आले आणि फळीकडं बघून पाण्याचा तांब्या हातातच राहिला. त्यांना ह्याच गोष्टीचा नाद. खऱ्या विमानाच्या मापात लहान केलेली असली मॉडेलं जोडायची, जुनी कुणी जोडलेली मिळाली तर जपून ठेवायची — क्वार्टरमध्ये काचेचं कपाटच होतं म्हणे. त्यांनी विमान हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, "बाबा, इतकं जुनं किट मी चित्रातसुद्धा पाहिलेलं नाही. आणि हा काय... डिंक? कुंकू?" हसले, पण चांगलं हसले. मग म्हणाले, "तुम्ही हे कुठं नेणार? मोडेल. मला द्या. मी जिवापाड सांभाळीन."

माणूस खरं बोलत होता, हे दिसत होतं. म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मनाचं असतं हे, बाबा. दुःखानं होतं असं. आपण टेस्ट करू." त्यांनी माझ्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला. हात पुढं करायला सांगितला. "मी काहीतरी ठेवीन. कधी नुसताच हात लावीन. काय ठेवलंय ते तुम्हाला कळणार नाही."

काहीतरी हलकं ठेवलं, हात जागेवर. मग बहुतेक काड्याची पेटी असावी, हात जागेवर. मग परत काहीतरी... हात जागेवर. मला वाटलं, सुटलो. मनाचंच होतं. आणि मग हात गेला खाली. खांद्यातून उपटल्यासारखा. त्यांनी काढलं, परत क्रम बदलून ठेवलं. परत तेच. तिसऱ्यांदा परत तेच. मग बराच वेळ काहीच ठेवलं नाही. मी रुमाल वर केला तर ते विमान हातात घेऊन भिंतीला टेकून उभे.

"काय साहेब? मनाचं आहे ना?"

"मला नाही माहीत," ते म्हणाले. मग विमान फळीवर ठेवत, "तरीपण मला द्या. तुम्हाला तर ते..."

"मला उचलत नाही म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही साहेब."

हे मी ताडकन बोललो. पण मग जायच्या दिवशी त्यांच्याच पाया पडायची वेळ आली. रसूल चाकणला लेकीच्या बाळंतपणाला गेलेला, ठकू हात लावायला तयार नाही, वस्तीवरची बाकीची मंडळी आधीच पांगलेली. मी क्वार्टरवर गेलो आणि म्हणालो, "साहेब, तुम्हाला देत नाही. पण तेवढं रहाटणीला पोचवून द्या." दुसरा असता तर त्यानं हाकलून दिलं असतं. त्यांनी चपला घातल्या.

सामान बैलगाडीनं लांबून गेलं. आम्ही होडीनं निघालो — मी, ठकू, साहेब आणि होडीवाला. पवनेला पाणी चांगलं होतं. साहेब मधल्या फळीवर विमान धरून बसले होते, मी त्यांच्या समोर. ठकू तोंड फिरवून बसलेली. दुपारची वेळ, ऊन लखलखीत. पाण्यात विमानाची सावली दिसत होती, मी तिच्याकडंच बघत होतो.

मधे वाऱ्याचा झपका आला. पंखात वारं शिरलं, साहेबांचा तोल गेला, एक हात होडीच्या कडेला धरायला गेला आणि दुसऱ्या हातानं — माणूस करतोच तसं — त्यांनी विमान समोर माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा बाबा!"

होडी माझ्या बाजूला कलली. पाणी कडेवरून आत आलं, माझे पाय भिजले, मग पोटऱ्या. ठकू किंचाळली. होडीवाल्याला आमचं काहीच माहीत नव्हतं. तो मागून ओरडला, "अरं कोन चढलं? कोन चढलं रं होडीत?"

कोणी चढलं नव्हतं.

मी एक गोष्ट कबूल करतो. मी ओरडलो नाही. मांडी जमिनीत गाडल्यासारखी झाली होती, पाणी येत होतं, आणि मला ते कोणी काढून घ्यायला नको होतं. माझी बहीण त्या होडीत होती, परक्याचं तरुण पोर होतं, तरी मला तसं वाटलं. मी दोन्ही हात पंखांवर ठेवले होते. मग साहेबांनी झडप घालून ते उचललं. होडी धप्पकन सरळ झाली.

होडी पलीकडं लागली. होडीवाल्यानं उतरताना माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, परत माज्या होडीत बसू नगंस."

ठकूचं घर म्हणजे एकच खोली. साहेबांनी विचारलं, "कुठं ठेवू?" ठकू म्हणाली, "देवाजवळ नगं. चुलीजवळ नगं. फळीवर माजी भांडी हायती." साहेब दमलेले, भिजलेले. त्यांनी ते आतल्या भिंतीशी जमिनीवरच ठेवलं. "तात्पुरतं," म्हणाले, आणि अंधाराच्या आत परत जायचं म्हणून निघाले. माझ्याही डोक्यात आलं नाही की आता ते तिथंच राहणार.

मंडळी, ह्याचा अर्थ मला कोणी सांगितलेला नाही. रसूल म्हणतो जिन असेल, ठकू म्हणते वैनी. साहेब मला भेटायला येतात, विमान बघतात, हातात घेत नाहीत, आणि तो विषय काढत नाहीत. भागूचं काही राहिलं होतं म्हणावं तर कावळ्याचं काय करायचं? आणि नव्हतं राहिलं, तर मग माझ्या मांडीवर ते काय होतं? मी मानत नव्हतो. आता मानतो का, ते पण मला कळत नाही. वाचकांत कोणाला कळलं तर कळवा. फुकटचा धीर देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूनं शेणाची पाटी आणली. सामान आणताना जमीन सगळी उखणली होती, सारवायला पाहिजे होती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "ते उचल आधी."

"उचलत नाही."

"मग माज्या हातून न्हाई व्हायचं. त्याच्या जवळ मी जायची न्हाई." पाटी तिथंच ठेवून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मी आयुष्यात जमीन सारवली नव्हती. पाणी जास्त पडलं, शेणाचा काला पातळ झाला. गुडघ्यावर बसलो आणि दारापासून सुरुवात केली. शेजारच्या बाया दारात जमल्या. एक म्हणाली, "अगं बया, ठकूबाईचा भाऊ सारवाय लागला!" दुसरी म्हणाली, "हात गोल फिरवा की वो, भिताड लिंपताय का काय!" मी हात गोल फिरवायला लागलो. सरकत सरकत भिंतीशी आलो. नाकाच्या पुढून बोटं नेली, पंखाच्या कडेकडेनं फिरवली. शेपटीला माझं कोपर लागलं. खांबाला लागावं तसं लागलं. मी तसाच वळसा घालून पलीकडच्या पंखाच्या कडेनं परत आलो आणि त्याच्या खालची तेवढी जमीन कोरडी सोडून बाकीची सगळी सारवली.