ताकात राहिलेलं लोणी

परवा गुरुवारी कंपनीला सुट्टी होती आणि मी घरी ताक करायला बसलो... चाकणजवळ शेतातच आमचं घर आहे. दोन म्हशी आहेत आणि आई अजूनही डेऱ्यात रवीनंच ताक घुसळते.

बरेच दिवस बघत होतो, आईच्या ताकात लोण्याचे गोळे तसेच राहायचे. मला वाटलं, हिची नजर कमी झाली. जरा काळजीच वाटली... म्हटलं, आज लोणी आपण काढायचं.

आता मी पडलो क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस! लोणी वर आल्यावर हातानं काढलं आणि उरलेलं ताक चक्क चहाच्या गाळणीतून गाळलं. एक कण म्हणून शिल्लक ठेवला नाही.

आईनं डेऱ्यात डोकावून कपाळाला हात लावला. "आरं, समदं काढलंस व्हय? आता सुनीताला काय देऊ?"

सुनीता आमच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहते. नांदेडकडची, नवरा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, आणि ती दोन महिन्यांची बाळंतीण. ताक आम्ही विकत नाही, जो येईल त्याला देतो, म्हणून तीही बिनसंकोच नेते. पण एकदा आईनं तिला वाटीभर लोणी दिलं, तर पुढे आठ दिवस ती ताकालासुद्धा फिरकली नाही.

"पोरगी लई मानी हाय," आई हळूच म्हणाली. "म्हणून मी ताकातच ठिवते."

तेवढ्यात दारात सुनीताची हाक... "काकू, झालं का ताक?"

आईनं पटकन मोठा गोळा तोडला, बोटांनी कुस्करून डेऱ्यात टाकला आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी परत रवी धरली. तयार माल मोडून पुन्हा कच्चा करायची माझी ही पहिलीच वेळ, राव!

सुनीतानं भरलेली बरणी बघितली. "काकू, लोणी राहिलंय की ह्याच्यात."

"ऱ्हाऊ दे गं. ह्याला अजून नीट काढता येत न्हाई."

सुनीता माझ्याकडे बघून हसली. "शिकतील हळूहळू," म्हणाली आणि बरणी घेऊन गेली.

मीही मान डोलावली... खरं सांगतो, फार बरं वाटलं. त्या बाळंतिणीच्या पोटात चार घास लोण्याचे जाणार असतील, तर मला जन्मभर लोणी काढता आलं नाही तरी चालेल.